ठेंगण्या दाराचा राजा

किशोरने टेप सोडली. ती सर्रकन डबीत शिरली. मग तो स्वतःच नाटकाच्या त्या प्लायवूडच्या दारातून वाकून आत गेला, वाकूनच परत आला, आणि येताना चौकटीची कड त्याच्या टाळूला लागली.

"हे नाही चालनार, सर," डोकं चोळत तो म्हणाला. "दार उंच करा."

हसनैन सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "किशोरभाऊ, नाटकाचं नावच 'ठेंगणे दार' आहे."

"तं नाव राहू द्या नं. नावाले कोन काय म्हनून राहिलं? पन दादासाहेब या दारातून वाकून बाहेर येनार, कोनी मोबाइलवर फोटो मारला, अन् खाली लिहून टाकलं की पाहा, दादा वाकले. मंग? निवडनुकीचं वर्ष आहे, सर."

"अहो, पण राजा वाकतो, त्यातच तर सगळं—"

"आमचा राजा नाही वाकत," किशोर म्हणाला आणि सुताराला हाक मारायला बाहेर गेला.

पौर्णिमा रंगमंचावरच्या पायरीवर बसून हे ऐकत होती. तालमीपुरती ड्रेसवर गुंडाळलेली साडी तिने पोटाशी घट्ट धरली होती. तिने सरांकडे पाहिलं. सर चष्म्याच्या काचा पुसत राहिले. काचा स्वच्छच होत्या.

नाटक पद्यात होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भुजंगप्रयात. परतवाड्याच्या हसनैन सरांनी ते तरुणपणी लिहिलं होतं, आणि त्याला रंगमंच मिळता मिळता त्यांचे केस पांढरे झाले होते. गोष्ट एका राजाची. त्याने आपल्या दरबाराचं दार मुद्दाम ठेंगणं बांधून घेतलेलं असतं. येणारा कितीही ताठ असो, त्याने वाकूनच आत यावं म्हणून. राजाची विहीर खोदताना जिचा नवरा दरडीखाली गाडला गेला, ती सगुणा न्याय मागायला येते. न्याय आत आहे आणि आत जायचं तर वाकावं लागतं. ती पायरीवरच उभी राहते. अन्न सोडते. प्रधान येतो, सासरची माणसं येतात, सगळ्यांचं एकच म्हणणं, जरा मान लवव, तेवढंच तर मागतोय तो. आणि सगुणा म्हणते,

नमावी अशी मान माझी नव्हे ही;
तुझे राज्य मोठे, तरी दार छोटे,
शिरावे कसे मी न वाकून तेथे?

शेवटी राजालाच बाहेर यावं लागतं, आणि तेही त्याच दारातून, वाकून. तो येतो, हरलो म्हणतो, आणि ते ऐकून सगुणा उभ्याउभ्या प्राण सोडते.

आता सुतार दार उंच करणार होता. हत्ती जाईल एवढं.

राजा होते दादासाहेब. संस्थेचे अध्यक्ष; किशोर त्यांचा खास माणूस. संस्थेची कॉलेजं अमरावतीत, अकोल्यात आणि चांदूर बाजारला होती, आणि त्या सगळ्यांत शिकवणाऱ्यांची पोटं दादासाहेबांच्या पेनाच्या टोकावर होती. आमदारकीला एकदा पडलेले, यंदा पुन्हा उभे राहू पाहणारे. हसनैन सर नाटकाच्या परवानगीला गेले तेव्हा दादासाहेबांनी गोष्ट अर्धीच ऐकली आणि म्हणाले, "राजा आहे का त्यात? मंग राजा मी करतो. कॉलेजात असताना लई नाटकं केली मी." नाही कोण म्हणणार? सर म्हणाले नाहीत. पौर्णिमाही म्हणाली नाही.

सगुणा पौर्णिमा करत होती. ती चांदूर बाजारच्या कॉलेजात तासांवर मराठी शिकवायची. तिच्यामागून आलेल्या दोघी कायम झाल्या. एक कोणाची तरी सून होती, दुसरी कोणाची तरी मेहुणी. पौर्णिमा कोणाचीच कोणी नव्हती. तिला कायम करायचा कागद तयार होता, त्यावर एक सही बाकी होती, आणि ती कोणाची हे कॉलेजसमोरच्या भजीवाल्यालाही ठाऊक होतं.

दादासाहेबांना पाठ काहीच होत नव्हतं. पाठांतर ही त्यांच्या मते कारकुनाची गोष्ट. विंगेतून सांगून पाहिलं, पण त्यांचा डावा कान कमी, आणि सांगणाऱ्याकडे सारखी मान वळवणं राजाला शोभत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. मग सरांनी तोड काढली. राजा आधी वरच्या पायरीलगतच्या झरोक्यात, शेवटी त्या पायरीवर; सगुणा खालच्या पायरीवर. त्याची ओळ आली की सगुणाने एक पायरी चढायची, पदर ओठांशी न्यायचा, त्याच्या उजव्या कानात ओळ सोडायची आणि परत उतरायचं. प्रेक्षकांना वाटावं, बाई व्याकूळ झाली आहे. ती कुजबुजायची, ते गर्जायचे. आवाज मात्र खरोखर राजाचा होता. वृत्ताची चाल अशी, की शब्द जिभेवर आपोआप झुलायचे आणि अर्थ वाटेत कुठेतरी सांडायचा. एकदा चुकून तिने प्रधानाचीच ओळ सांगितली, 'महाराज, झाली चुकी आमुची ही', तर दादासाहेबांनी तीही छाती काढून फेकली. कोणी हसलं नाही. सगळे संस्थेत नोकरीला होते.

किशोर सुताराला घेऊन परत आला. "अन् सर, आणखी एक. दादासाहेबायनं शेवट वाचला. वाचला म्हंजे मी वाचून दाखवला. ते हरे-बिरे नको म्हनाले. राजानं हरायचं नाही. राजानं माफी द्यायची."

"माफी?" पौर्णिमा पायरीवरून उठली. "तिनं केलं काय की माफी?"

"मॅडम, मले नका विचारू. मी निरोप्या मानूस."

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी खिशातून पेन काढलं, संहितेच्या शेवटच्या पानावर राजाच्या हरण्याच्या दोन ओळींवर काट मारली आणि तिथल्या तिथे खाली लिहिलं, 'दिली मी क्षमा, जा, सुखाने रहा तू.' वृत्तात कुठे एक मात्रा ढळली नव्हती.

किशोर गेल्यावर पौर्णिमा त्यांच्याजवळ आली. ती त्यांचीच विद्यार्थिनी. मराठीची गोडी तिला लावली ती याच माणसाने, आणि ताठ बसायची सवयही त्यांनीच.

"सर, इतक्या लवकर लिहिली तुम्ही ओळ?"

"बेटा, निवृत्ती तोंडावर आहे." त्यांनी पेन खिशाला लावलं. ते नीट बसेना. "पेन्शनच्या कागदावर सह्या कोणाच्या लागतात, तुला माहीत आहे. उगाच मला बोलायला लावू नको."

घरी गोदाबाई, तिची सासू, अंगणात उन्हाला पाय सोडून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पौर्णिमा शेजारी बसली आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"मंग?" गोदाबाई म्हणाली. "काय म्हनते तुहा राजा?"

"राजा मला माफी देणार आहे."

"काय केलं होतं तूनं?"

"काही नाही."

"मंग माफी कायची वं, माय?"

"सही होऊ द्या, आई. मग पाहू."

गोदाबाईने एक किडकी शेंग कोंबड्यांकडे भिरकावली. "सही झाल्यावर कोनी पाहत नसते. मी पाह्यलं हाये लोकायले. सही नाही तोवर भेवानं तोंड बंद, अन् झाली की सवयीनं."

पौर्णिमाच्या हातातली शेंग केव्हाच सोलून झाली होती. ती रिकामं टरफलच सोलत होती.

अमरावतीचा प्रयोग स्नेहसंमेलनाच्या दुपारी झाला. सभागृह गच्च भरलं होतं. पुढे सोफे, सोफ्यांवर टॉवेल, मागे पोट्टे-पोट्ट्या, भिंतीला टेकून शिपाई. पडद्याची दोरी हसनैन सरांच्या हातात होती. पडदा ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत.

पहिले दोन अंक सुरळीत गेले. ती चढत होती, कानात सोडत होती, उतरत होती. मखमली अंगरखा, पुठ्ठ्याचा मुकुट, आणि तो आवाज. सोफ्यांवरून "वा दादा" येत होतं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी राजा बाहेर आला. नवं उंच दार उघडलं, आणि दादासाहेब छाती पुढे काढून, मुकुट जराही न हलवता, त्यातून ऐसपैस चालत आले. टाळ्या पडल्या. पौर्णिमा खालच्या पायरीवरून पाहत होती. उपाशी मरत असलेल्या बाईसमोर हा माणूस लग्नाच्या मांडवात यावा तसा आला होता.

ती पायरी चढली. पदर ओठांशी नेला. 'दिली मी क्षमा' जिभेवर होतं. ते तिथून पुढे सरकलं नाही.

"हरे राज्य माझे, तुझी मान जिंके," ती कानात म्हणाली.

"हरे राज्य माझे," दादासाहेब गर्जले, "तुझी मान जिंके!"

सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग मागून, पोट्ट्यांच्या बाजूने, टाळी उठली, ती पुढे आली, सोफ्यांपर्यंत आली, आणि सोफे उभे राहिले. दादासाहेबांच्या डोळ्यांत पहिल्यांदा अर्थ शिरला. ते तिच्याकडे पाहत राहिले. ती नजर तिला ओळखीची होती. संस्थेतून काढून टाकायच्या माणसाकडे ते असंच पाहायचे. पण टाळ्या थांबत नव्हत्या. दादासाहेबांनी लोकांकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांनीच विचारलं, पुढे?

"पहा वाकलो मी तुझ्या पावलांशी," तिने सांगितलं.

ते त्यांनी हात पसरून, लोकांकडे तोंड करून म्हटलं. वाकलो म्हणताना पाठीचा एक मणका हलला नाही.

सगुणा मेली. सरांनी पडदा पाडला तो इतक्या घाईने, की त्याची कड तिच्या पायावर आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरचा फोन आला. "मॅडम, बंगल्यावर बलावलं. लगेच या." आवाजावरून काही कळत नव्हतं. अमरावतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि आपल्या हातांकडे पाहत राहिली. तासांचे पैसे बंद झाले तर काय, हा विचार ती करून चुकली होती. तो संपल्यावर मनात दुसरं काहीच येत नव्हतं.

दादासाहेब झोपाळ्यावर होते. समोर वर्तमानपत्रं पसरलेली. एकाचा मथळा तिला उलटा वाचता आला, 'राजा हरला, दादा जिंकले.'

"बस." त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "कोनाची होती ते ओळ?"

"हसनैन सरांची. मूळ नाटकातली."

"मी काटली होती."

"हो."

"मंग तू कानात काहून सोडली?"

खोटं बोलायला जागा होती. घाईत चुकलं, म्हणता आलं असतं. पौर्णिमाने पदर नीट केला. "तिथं तीच ओळ आहे म्हणून."

दादासाहेब मोठ्याने हसले. "हिंमत हाये पोट्टीत! किशोर, पाहून घे. नाहीतं तुमी सगळे." त्यांनी वर्तमानपत्रावर बोट आपटलं. "सकाळपासून फोन येऊन राहिले मले. एवढा मोठा मानूस अन् हरलो म्हनाला, म्हनते. पब्लिकले हारनारा राजा आवडते, हे मले कोनीच सांगितलं नाही. आता पुढच्या रविवारी अकोल्याले प्रयोग लावला आपन. वरून मानसं येऊन राहिले, तिकीट कोनाले द्यायचं ते पाहाले. ते ओळ ठेवायची. त्याच्याआधी जरा थांबायचं, लाइट माह्यावर. मंग मी म्हननार, हरलो. अन् मी वाकलो असं म्हटल्याबरोबर तू माह्या पाया पडायचं."

"मी?"

"मंग काय मी? राजा येवढा मोठा होऊन राहिला, अन् ते तशीच उभी राहीन? बरं दिसते का ते?"

"दादासाहेब, ती मरते तिथं. वाकायचं नाही म्हणूनच मरते."

"मरू दे नं. पाया पडून मरू दे." झोपाळा पुन्हा हलू लागला. "किशोर, दाखव मॅडमले."

किशोरने फाइल उघडली. तिच्या नावाचा कागद. खाली दादासाहेबांची सही, निळी, ठसठशीत. सहीखाली तारखेची जागा कोरी होती.

"सही झाली, पाह्य," दादासाहेब म्हणाले. "अकोला झालं का तारीख टाकतो."

रविवारी अकोल्याच्या सभागृहात पंखे घरघरत होते. पुढच्या रांगेत वरून आलेली माणसं बसली होती, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात नव्या शाली. किशोर ती फाइल बगलेत घेऊनच फिरत होता. ती कुणाला दिसावी म्हणून, हे सांगायची गरज नव्हती.

पडदा उघडण्याआधी पौर्णिमा विंगेत सरांजवळ गेली. ते लोखंडी खुंटीला दोरी गुंडाळत होते.

"सर, तुम्ही लिहिलंत तेव्हा ही ओळ म्हणताना राजा कुठं उभा असतो?"

"उभा नसतो," सर म्हणाले. "दारात असतो. अर्धा आत, अर्धा बाहेर. ताठ मानेनं म्हणायची ओळ नाही ती, बेटा." मग हळूच, आजूबाजूला पाहून, "तू पाया पडणार आहेस?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार." त्यांनी दोरी हातात धरली. "मी म्हणायचं ते लिहून काटलं."

नाटक सुरू झालं. पहिला अंक, दुसरा अंक. ती चढली, कानात सोडलं, उतरली. ओळ न् ओळ चोख. दादासाहेब रंगात आले होते. आता त्यांना शेवटाची घाई झाली होती. तिसऱ्या अंकात प्रधान येऊन गेला, सासरचे येऊन गेले. 'नमावी अशी मान माझी नव्हे ही' म्हणताना तिचा आवाज जरा फाटला, आणि पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. बहुधा तिचं नाव.

उंच दार उघडलं. दादासाहेब आले. वरच्या पायरीवर थांबले. ठरल्याप्रमाणे बाकीचे दिवे विझले, एकच झोत त्यांच्यावर आला, आणि त्या झोताच्या कडेला, खालच्या पायरीवर, पौर्णिमा.

दादासाहेबांनी छाती भरून घेतली. डोळे किंचित मिटले. वाट पाहिली.

ती चढली नाही.

त्यांनी डोळे उघडले. मान न हलवता, बुबुळांनी तिला खुणावलं. ती समोर पाहत होती. पदर खांद्यावर होता, हात खाली होते, ओठ मिटलेले होते. पंख्यांची घरघर तेवढी चालू होती.

दादासाहेब खाकरले. एक पाऊल तिच्या बाजूला सरकले आणि उजवा कान तिच्याकडे केला. पंख्यांमुळे आपल्याला ऐकू आलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान कलती केली.

काही नाही.

"बोल नं वं," दात न उघडता ते म्हणाले.

तिच्या पापण्या हलल्या. ओठ हलले नाहीत. विंगेत किशोर पुढे आला होता. त्याने फाइल उंच धरली, मग दोन्ही हातांनी तोंडाशी भोंगा करून नुसतेच ओठ हलवले. ओळ त्यालाही येत नव्हती.

दादासाहेब खांद्यातून वाकले. मुकुट पुढे सरकला, त्यांनी तो एका हाताने धरला, आणि दुसरा हात आधारासाठी गुडघ्यावर टेकला. आता ते कमरेतून वाकले होते. खालच्या पायरीवरच्या बाईच्या ओठांपाशी राजाचा कान आला होता. पुढच्या रांगेतली माणसं जराशी पुढे झुकून पाहत होती. मागे कोणीतरी हळूच मोबाइल वर केला.

"तारीख..." दादासाहेब पुटपुटले. "टाकतो नं तारीख. बोल."

पौर्णिमाची मान ताठ होती. गळ्याची शीर उडताना विंगेतून दिसत होती.

"पाडा!" किशोर सरांच्या अंगावर धावला. "सर, पडदा पाडा! काय पाहून राहिले?"

हसनैन सरांनी रंगमंचावरची नजर काढली नाही. त्यांच्या हातात दोरी होती. तिचा सैल पडलेला भाग त्यांनी ओढून घेतला, आणि खुंटीला आणखी एक वेढा दिला.